दहा मिनिटांत घोगरा होणारा रेडिओ

प्रश्न : जुना शॉर्टवेव्ह व्हॉल्व्ह रेडिओ सुरुवातीला छान वाजतो, दहा मिनिटांत आवाज घोगरा होतो, ईएल८४ (स्पीकर चालवणारा आउटपुट व्हॉल्व्ह) फार तापतो. व्हॉल्व्ह बदलू का?

उत्तर : घाई नको, व्हॉल्व्ह महाग पडतो. आधी त्याच्या ग्रिडचा (सिग्नल घेणारं टोक, पिन २) कपलिंग कंडेन्सर, म्हणजे मागच्या व्हॉल्व्हकडून सिग्नल आणून डीसी अडवणारा कंडेन्सर, पाहा. जुना कागदी कंडेन्सर गळू लागला की मागच्या व्हॉल्व्हच्या प्लेटचा डीसी ग्रिडवर उतरतो आणि करंट वाढतो. सेट तापल्यावर पिन २ ते चासी (सेटचा धातूचा सांगाडा) डीसी व्होल्टेज डिजिटल मीटरने मोजा. शून्याच्या आसपास हवं, एक-दोन व्होल्ट अधिक दिसले तरी गडबड. कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवून पुन्हा मोजा. व्होल्टेज गेलं, तर त्याच मूल्याचा (बहुधा ०.०१ मायक्रोफॅरड) ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर बसवा. तसंच राहिलं, तर मात्र व्हॉल्व्हच गेला. टोक सोडवण्याआधी आणि डाग देण्याआधी प्लग काढा आणि फिल्टर कंडेन्सर (पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सर) १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून रिकामा करा, पेचकसाने ठिणगी पाडून नव्हे!