वडिलांच्या कपाटातला एप्रन आणि लॉजचे निमंत्रण

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. वडील जाऊन चौदा महिने झाले. त्यांचे कपाट आवरताना तळाशी एका चपट्या पेटीत कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन, फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघाचे सदस्य बांधतात तो, सापडला, आणि ‘आज लॉजला जायचे आहे’ एवढे एकच वाक्य ज्यांच्या तोंडून तुम्ही वर्षानुवर्षे ऐकले होते, ते त्या लॉजमध्ये, म्हणजे संघाच्या स्थानिक शाखेत, नेमके काय करत असत हे आपण कधी विचारलेच नाही, याची चुटपुट तुम्हाला तेव्हापासून लागली आहे. आता त्यांचे लॉजमधले जुने स्नेही, ज्यांना तुम्ही लहानपणापासून काका म्हणता, तुमच्या हातात अर्ज ठेवून ‘बाबांची जागा रिकामी आहे, तू ये’ असे म्हणत आहेत. जे घरी सांगता येणार नाही त्याची शपथ घ्यायचीच कशाला, असा तुमच्या पत्नीचा प्रश्न आहे. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिले आहे की अर्जात परमेश्वरावरील श्रद्धेचा प्रश्न आहे, तुमचे याबाबत काही ठरलेले नाही, पण ‘ती बहुधा औपचारिकता असावी, तिथे हो लिहून टाकेन’.

मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते या शेवटच्या ओळीबद्दल. त्याआधी तुमच्या पत्नीच्या शंकेला उत्तर द्यायला हवे, कारण ती शंका रास्त आहे आणि ‘तुला कळणार नाही’ असे म्हणून ती टाळण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

फ्रीमेसन मंडळींची गुप्तता लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच लहान आहे. लंडनमधील चार लॉजेसनी एकत्र येऊन १७१७ मध्ये पहिले ग्रँड लॉज, म्हणजे अनेक लॉजेसची मध्यवर्ती संस्था, स्थापन केले, अशी या परंपरेची सुरुवात सहसा सांगितली जाते. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, १७३० मध्ये, स्वतःला माजी सदस्य म्हणवणाऱ्या एका माणसाने दीक्षेचे सारे विधी छापून विकले. तेव्हापासून हे विधी कोणालाही वाचता येतात. लॉज हा शब्दच मुळी बांधकामाशेजारी पाथरवटांसाठी उभारलेल्या खोपटाचा आहे, आणि आतले सगळे रूपक त्या धंद्यातून आले आहे: गुण्या, कंपास, पाणसळ, ओळंबा ही अवजारे हाती देऊन माणसाने स्वतःच्या वागण्याची भिंत सरळ कशी ठेवावी हे शिकवायचे. शिकाऊ, कारागीर आणि निष्णात अशा तीन पायऱ्या, प्रत्येक पायरीचा एक विधी, पाठ केलेले लांबलचक संवाद, आणि शेवटी एकत्र जेवण. सदस्याने बाहेर सांगायचे नसते ते मुख्यतः परस्परांना ओळखण्याच्या खुणा आणि शब्द. जुन्या शपथेत वचनभंगासाठी भयंकर शारीरिक शिक्षांचे उल्लेख होते हे खरे, पण त्या कधी दिल्या जात नव्हत्या, आणि इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजने १९८६ मध्ये ते उल्लेख शपथेतून काढूनच टाकले. शपथ घेण्याआधी उमेदवाराला असेही आश्वासन दिले जाते की तिच्यात त्याच्या धार्मिक, नैतिक किंवा नागरी कर्तव्यांशी विसंगत असे काहीही नाही.

तरीही गुप्ततेची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. इटलीत १९८१ मध्ये ‘पी दोन’ नावाच्या लॉजची ९६२ नावांची यादी पोलिसांच्या हाती लागली. तिच्यात मंत्री, सेनाधिकारी, संपादक, बँकवाले असे सगळे होते, आणि त्या धक्क्याने तिथले सरकार पडले. ही मंडळी विधी लपवत नव्हती, आपले सदस्यत्व आणि आपसातले व्यवहार लपवत होती, आणि माझ्या मते भेद करायचा तो इथेच. म्हणून काकांना सरळ विचारा की मी सदस्य आहे, अमक्या दिवशी अमक्या ठिकाणी बैठकीला जातो, इतकी वर्गणी भरतो, तिथे ही माणसे असतात, हे मी घरी आणि कामाच्या ठिकाणी मोकळेपणाने सांगू शकतो का. नीट चालणाऱ्या लॉजमध्ये याचे उत्तर विनासायास ‘हो’ असे येते. ते अडखळत आले, किंवा ‘एकदा आत ये, मग कळेल’ असे आले, तर तुमच्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे असे समजा. सदस्यत्वामुळे नोकरीत, व्यवसायात किंवा न्यायालयात फायदा होईल असे कोणी सुचवले तरीही तसेच समजा, कारण आपण कोणत्याही आर्थिक लाभाच्या हेतूने आलेलो नाही, असे उमेदवाराला तिथे स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते.

आता त्या ‘हो’बद्दल. तुमच्या वडिलांच्या लॉजसारख्या, इंग्लंडची परंपरा पाळणाऱ्या लॉजमध्ये परमेश्वरावरील श्रद्धेचा प्रश्न ही औपचारिकता नाही; तो सगळ्या इमारतीचा पायाच मानला जातो. फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंट या मध्यवर्ती संस्थेने १८७७ मध्ये ही अट आपल्या घटनेतून काढली, तेव्हा इंग्रजी परंपरेच्या ग्रँड लॉजेसनी त्यांच्याशी संबंध तोडले आणि ती फूट आजही सांधलेली नाही. जी गोष्ट इतकी मोलाची मानून या लोकांनी स्वतःच्या बंधूंशी नाते तोडले, तिच्यासमोर तुम्ही सोयीचे म्हणून ‘हो’ लिहिणार आहात. पुढे तुम्हाला धर्मग्रंथावर हात ठेवून वचन द्यायला सांगतील, आणि तो ग्रंथ तुम्ही स्वतः पवित्र मानता तोच असावा अशी त्यांची अपेक्षा असेल, कारण ज्या शब्दाला माणूस स्वतः बांधला जातो तोच खरा शब्द, ही त्यामागची समजूत आहे. सचोटी शिकवणाऱ्या घरात पहिले पाऊल खोट्यावर ठेवून टाकल्यावर तुम्हाला तिथे एकाही बैठकीत स्वस्थ मनाने बसता येणार नाही, असे तुमच्या पत्रातून दिसणारा तुमचा स्वभाव मला सांगतो.

याचा अर्थ दार बंद आहे असा मुळीच नाही. तुमचा परमेश्वर कोणता, तुम्ही त्याला कसे मानता, हे तिथे विचारत नाहीत, आणि धर्म व राजकारण यांवर बैठकीत वाद घालायला मनाई असते. शंका असणे म्हणजे नाकारणे नव्हे. आपल्यापेक्षा मोठे काहीतरी आहे असे तुम्हाला आतून वाटत असेल, पण त्याला नाव देता येत नसेल, तर ते तसेच्या तसे काकांना सांगा आणि हे पुरेसे आहे का, असे त्यांनाच विचारा. ते ‘नाही’ म्हणाले तर तो नकार मान राखून स्वीकारा. (तुम्ही कॅथलिक असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल: पोपने १७३८ मध्ये घातलेली बंदी चर्चने १९८३ मध्ये पुन्हा स्पष्ट केली आहे.)

काकांच्या निमंत्रणाविषयीही थोडे बोलते, पण त्यांच्याविरुद्ध म्हणून नव्हे. ही परंपरा बऱ्याच ठिकाणी आटत चालली आहे. एकट्या अमेरिकेत १९५९ च्या सुमारास चाळीस लाखांहून अधिक फ्रीमेसन होते, आज ते दहा लाखांच्याही खाली आले आहेत. ज्या खुर्च्यांवर मित्र बसत असत त्या एकेक करून रिकाम्या होताना पाहणाऱ्या वृद्ध माणसाला मित्राचा मुलगा तिथे यावासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि त्यात माया आहे हे मला दिसते. परंतु या मंडळींचा स्वतःचाच नियम असा आहे की उमेदवाराने कोणाच्या गळेपडूपणामुळे नव्हे, तर स्वतःच्या इच्छेने यावे. म्हणून ‘बाबांची जागा’ हा शब्दप्रयोग मला खटकला. दीक्षा घेणारा प्रत्येक जण तिथे शिकाऊ म्हणूनच सुरुवात करतो. वडिलांची जागा मुलाला मिळत नसते. तुम्हाला वडील हवे आहेत, आणि ते तुम्हाला तिथे भेटतील अशी आशा तुम्ही मनाशी धरली आहे. ही आशा मी समजू शकते. पण दोन-तीन बैठकांनंतर तिथे वडील नसून पाठांतर करणारी, हिशेब तपासणारी, मदतनिधीच्या रकमेवरून चर्चा करणारी साधी माणसे आहेत असे दिसेल, तेव्हा त्या माणसांसाठी आणि त्या कामासाठी तुम्हाला तिथे थांबावेसे वाटेल का, हे आज स्वतःला विचारून पाहा.

मला वाटते, कदाचित वाटेल. ज्याला चाळिशीनंतर नवे मित्र जोडणे अवघड जाते, अशा माणसाला ठरलेल्या दिवशी ठरलेल्या लोकांना भेटण्याची सक्ती हे मोठे वरदान ठरू शकते. ऑड फेलोज या दुसऱ्या जुन्या बंधुसंघाने आपले कर्तव्य म्हणून आजाऱ्याची विचारपूस करणे, संकटातल्याला मदत करणे, मृताला मूठमाती देणे आणि अनाथाला शिकवणे या चार गोष्टी सांगितल्या. सरकारी विमा आणि निवृत्तिवेतन नसलेल्या काळात अशा संघांच्या आधाराने असंख्य कुटुंबे तगली. आज त्या मदतीचे रूप बदलले असले, तरी रुग्णालयात कोणीतरी भेटायला येण्याची गरज बदललेली नाही.

वेळ आणि पैसा यांबाबत फार लिहीत नाही. प्रवेशशुल्क, वार्षिक वर्गणी, पोशाख, जेवणाचा खर्च, मदतनिधी आणि वर्षातल्या बैठका व तालमी यांचा आकडा लेखी मागा आणि पत्नीसोबत बसून पाहा. नंतर मन बदलले तर राजीनामा देता येतो, त्यामुळे आयुष्यभर अडकून पडण्याची भीती बाळगू नका. पत्नीलाच अशा गोष्टीत रस वाटू लागला, तर स्त्रियांसह चालणारा मेसनसंघ पॅरिसमध्ये १८९३ मध्येच सुरू झाला होता आणि केवळ स्त्रियांची लॉजेसही आहेत, हेही तिला सांगा.

अर्ज मात्र अजून भरू नका. आधी काकांकडे एका संध्याकाळी पत्नीला घेऊन जा आणि तो एप्रन सोबत न्या. वडील तिथे पहिल्यांदा कोणासोबत गेले, कोणते संवाद त्यांना पाठ होते, कोणाच्या आजारपणात ते धावून गेले, कोणाशी त्यांचे पटत नव्हते, जेवणानंतर ते काय बोलत, हे सगळे विचारा. यातले काहीही शपथेच्या आड येत नाही, आणि हे ऐकण्यासाठी तुम्हाला सदस्य व्हावे लागत नाही. अनेक फ्रीमेसनांची इच्छा असते की अंत्यविधीच्या वेळी आपला एप्रन आपल्यासोबत असावा. तुमच्या वडिलांनी तो कपाटात का ठेवला, याबद्दल ते काकांशी काही बोलले होते का, तेही विचारा. अर्जाचा विषय त्या संध्याकाळी काकांनी काढला तरी तुम्ही काढू नका. घरी परतल्यावर पुढचे पत्र मला लिहा, आणि त्यात त्या प्रश्नाचे तुमचे खरे उत्तर काय आहे तेवढे नक्की कळवा.

तुमची,
ताई