शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरचं आयुष्य कसं असतं, आणि तिचा पगार कोणाचा?

प्रश्न असा आहे: "माझी भाची 17 वर्षांची आहे, आम्ही नागपूरचे. बारावीनंतर सिस्टर व्हायचं म्हणते, आणि शिकवायचंच म्हणते. शाळेत शिकवणाऱ्या ननचं आयुष्य नक्की कसं असतं? पगार मिळतो का? मिळत असेल तर तो कोणाचा?"

नागपुरातल्या एका अनुदानित मुलींच्या शाळेत पगारबिलं आणि सेवापुस्तकं माझ्या टेबलावर होती. तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी जास्त देणार. बाकीचं थोडक्यात.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे गल्लीतल्या केजीलाही कॉन्व्हेंट म्हणतात, त्यामुळे पाटीवर 'कॉन्व्हेंट' आहे म्हणून तिथे सिस्टर असतीलच असं नाही. हिस्लॉप कॉलेज किंवा बिशप कॉटन शाळा मिशनऱ्यांची खरी, पण ती प्रोटेस्टंट परंपरेतली. तुमची भाची म्हणते ते कॅथलिक धर्मभगिनींचं आयुष्य. चर्चच्या काटेकोर भाषेत 'नन' म्हणजे मठाच्या भिंतीआड राहून प्रार्थनेला वाहून घेतलेली. शाळेत, दवाखान्यात दिसतात त्या सिस्टर. बोलताना आपण दोन्ही एकच धरतो, पण भाचीने धर्मभगिनींच्या कुठल्याही संस्थेला पत्र लिहायच्या आधी हा फरक समजून घ्यावा.

दिनक्रम सगळीकडे जवळपास सारखा. पहाटे पाचच्या आसपास उठणं, ध्यान, सकाळची प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली रोजची उपासना), मग शाळा. दुपारनंतर वह्या तपासणं, संध्याकाळची प्रार्थना, रोझरी (जपमाळ), जेवण, थोडा वेळ एकत्र बसणं आणि मग रात्रीचं मौन. उन्हाळ्याच्या सुट्टीत बहुधा आठ दिवसांची रिट्रीट, म्हणजे मौनात प्रार्थनेचे दिवस. हे पेलवतं. वसतिगृहात राहिलेल्या मुलीला तर पहिल्या महिन्यातच अंगवळणी पडतं.

वयाचं आणि वर्षांचं गणित मात्र नीट समजून घ्या. चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेप्रमाणे नोव्हिशिएट (व्रतांआधीचा प्रशिक्षणाचा काळ) सुरू करायला 17 वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी उमेदवारीचा काळ असतो, तो संस्थेप्रमाणे कमीजास्त. नोव्हिशिएट कमीत कमी 12 महिन्यांचं. त्यात तीन महिन्यांहून जास्त गैरहजेरी झाली तर ते धरतच नाहीत, पुन्हा करावं लागतं. मग दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तात्पुरती व्रतं, वय 18 च्या पुढे. ती कमीत कमी तीन वर्षं चालतात, साधारणपणे सहापर्यंत, आणि वाढवली तरी नऊच्या पुढे नाही. कायमची व्रतं 21 च्या आत घेताच येत नाहीत. म्हणजे भाची उद्या गेली तरी बरीच वर्षं परत यायचा रस्ता उघडा असतो. मुलगी गेली ती गेलीच असं रडणाऱ्या घरांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

आता पगार. अनुदानित शाळेत सिस्टरला इतर शिक्षिकांइतकाच पगार मिळतो, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. तीच बी.एड.ची अट, तीच शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, सुरुवातीची तीच तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून (माध्यमिकला 2023 पासून महिना 18,000 रुपये मानधन), आणि पुढे सातव्या वेतन आयोगाप्रमाणे पदवीधर प्रशिक्षित शिक्षिकेला 38,600 पासून मूळ वेतन. बिल शालार्थवर (शाळांच्या पगाराची सरकारी ऑनलाइन प्रणाली) जातं, वेतन पथकाकडून मंजूर होतं आणि पैसे तिच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात येतात. तिथपर्यंत ती सरकारच्या लेखी एक कर्मचारी.

तिथून पुढे व्रत सुरू होतं. चर्चच्या त्याच संहितेतलं कलम, म्हणजे कॅनन 668, सांगतं की सिस्टर स्वतःच्या श्रमाने जे मिळवते ते संस्थेचं, आणि पेन्शन, विमा, अनुदान म्हणून जे येईल तेही. पैसे कम्युनिटीच्या, म्हणजे एकत्र राहणाऱ्या सिस्टरांच्या घराच्या, खात्यात जातात. त्यातून घरातल्या सगळ्या सिस्टरांचं जेवणखाण, औषधपाणी, प्रवास चालतो, आणि एक वाटा प्रांताकडे, म्हणजे संस्थेच्या अशा अनेक घरांचा कारभार पाहणाऱ्या विभागाकडे, जातो. नोव्हिशिएटमधल्या मुलींचं शिक्षण, खेड्यातल्या शाळा, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या सिस्टरांची शुश्रूषा, हे सगळं त्यातून. तिच्या स्वतःच्या हाती खर्चायला थोडी रक्कम, तीही हिशेब देऊन.

करही भरावा लागतो. 1944 च्या एका परिपत्रकाचा आधार घेऊन बरीच वर्षं असं मानलं जाई की पगार संस्थेला देऊन टाकणाऱ्या मिशनऱ्यांच्या वेतनातून कर कापायचा नाही. तमिळनाडू आणि केरळमधल्या अनुदानित शाळांवरून तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालयाने 93 याचिका फेटाळल्या. पगार तिच्या नावाने निघाला की कर कापला जाणार, मग तो पुढे कोणाला का देईना. मला हा निकाल पटतो. कागदावर ती कमावती बाई आहे, हे मान्य झाल्याशिवाय तिचे बाकीचे हक्क तरी कोण मान्य करणार?

आणि इथेच माझा जुना वाद. स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं ऐकलेलं वाक्य: "सिस्टरांना काय करायचं पेन्शन? पगार तर संस्थेलाच जातो." हे बोलणाऱ्यांनी कधी सिस्टरचं सेवापुस्तक उघडून पाहिलेलं नसतं.

एका गणिताच्या सिस्टरचं सांगते. नेमणूक ऑगस्ट 1988, अनुदानित पद, सलग सेवा. मे 2008 मध्ये वरून बदलीचा आदेश आला, सीमेपलीकडे मध्य प्रदेशातल्या शाळेत. आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर सगळ्या बदल्या मार्गी लागायच्या असतात, म्हणून घाई. अनुदानित पद राज्याबाहेर जात नाही. एकाच व्यवस्थापनाच्या महाराष्ट्रातल्या दुसऱ्या शाळेत बदली झाली तर सेवा सलग राहते, पण राज्य ओलांडलं की पद सोडावं लागतं. तिने एका ओळीचा राजीनामा दिला आणि तो मंजूर झाला.

सेवा झाली होती 19 वर्षं 9 महिने. पेन्शनच्या नियमांत राजीनामा दिला की मागची सगळी सेवा वाया जाते. 20 वर्षं पूर्ण झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन लागू होते. म्हणजे ऑगस्टमध्ये 20 वर्षं भरली असती, नोटीस संपायला नोव्हेंबर आला असता, आणि दिवाळीनंतर ती निघाली असती. मध्य प्रदेशातल्या त्या शाळेला एक सत्र बदली शिक्षिका ठेवावी लागली असती, एवढंच. त्या सहा महिन्यांसाठी जन्मभराची पेन्शन गेली. आदेश देणाऱ्या सुपिरियरने (संस्थेतल्या वरिष्ठ सिस्टरने) सेवेची वर्षं विचारली नाहीत. सिस्टरने आज्ञापालनाचं व्रत आहे म्हणून तोंड उघडलं नाही. राजीनाम्याचा कागद माझ्याच टेबलावरून पुढे गेला. मी तारखा त्याच दिवशी मोजायला हव्या होत्या, मोजल्या नाहीत.

आता सांगा, नुकसान कोणाचं झालं? ती पेन्शन संस्थेलाच गेली असती. म्हणजे बुडाली ती म्हाताऱ्या सिस्टरांच्या औषधांची सोय. दारिद्र्याचं व्रत माणसाने घेतलेलं असतं. सेवापुस्तक कोरं ठेवणं, नामनिर्देशनाचा रकाना रिकामा सोडणं, तारखा न मोजणं हे त्या व्रतात कुठेच बसत नाही. आज्ञापालनाचंही तसंच. मदर तेरेसा 1931 पासून कलकत्त्याच्या लोरेटो शाळेत भूगोल शिकवत होत्या, 1944 मध्ये मुख्याध्यापिका झाल्या. सप्टेंबर 1946 मध्ये त्यांना वेगळ्या कामाची हाक आली, पण 1948 मध्ये रीतसर परवानगी मिळेपर्यंत त्यांनी शाळा सोडली नाही. त्या जवळपास दोन वर्षांत त्या गप्प बसल्या नव्हत्या. वरिष्ठांकडे पुन्हा पुन्हा मागणं मांडत होत्या. आज्ञा पाळणारीने आपली अडचण वर सांगायचीच नाही, असा नियम नाही.

दुसरी बाजू याहून कठीण. एखादी सिस्टर संस्था सोडून बाहेर पडली तर? कॅनन 702 प्रमाणे तिला केलेल्या कामाबद्दल संस्थेकडे काही मागता येत नाही. संस्थेने न्यायाने आणि ममतेने वागावं, एवढं पुढे लिहिलं आहे, पण रक्कम कुठेच लिहिलेली नाही. 45 व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या बाईजवळ तिच्या नावाची पदवी, तिच्या नावाची मान्यता आणि तिच्या नावाचं पेन्शन खातं, एवढंच उरतं. म्हणून मी म्हणते, हे कागद जपणं संस्थेच्याही भल्याचं आणि तिच्याही.

कागदांत सगळ्यात जास्त घोळ नावाचा. जुन्या पद्धतीत नोव्हिशिएटमध्ये नवं नाव मिळे. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, सेवापुस्तकात 'सिस्टर अमुक', आधारवर तिसरंच. निवृत्तीच्या वेळी प्रकरण महालेखाकार कार्यालयाकडे जातं तेव्हा हे सगळं एकदम उघडं पडतं आणि फाईल परत येते. आता बऱ्याच संस्था बाप्तिस्म्याचंच नाव ठेवतात, ते उत्तम. भाचीच्या संस्थेत नाव बदलत असतील तर एक तर बदल राजपत्रात छापून घ्या, नाही तर सगळ्या सरकारी कागदांवर दहावीचंच नाव चालू द्या. मधलं काही करू नका.

ज्येष्ठता डावलून सिस्टरला मुख्याध्यापिका करतात, हा आणखी एक नेहमीचा राग. कायदा व्यवस्थापनाच्या बाजूने आहे. 1977 च्या महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम 3(2) मध्ये अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाची आणि कळवलेल्या आणखी तीन जणांपर्यंतची भरती कायद्याबाहेर ठेवली आहे. पण 25 वर्षं शिकवलेल्या बाईंना ही गोष्ट आदल्या दिवशी समोर बसवून सांगायला कायदा आड येत नाही. नवी सिस्टर मुख्याध्यापिका आली आणि पहिल्याच आठवड्यात स्टाफ तिच्या विरोधात गेला, की कारण बहुधा हेच असतं.

भाचीबद्दल माझं स्पष्ट मत: बारावीनंतर लगेच नको. संस्था पहिल्या व्रतांनंतर शिकवतात हे खरं, पण कोणती पदवी आणि कधी हे त्या ठरवतात. तिने आधी बी.ए. किंवा बी.एस्सी. स्वतः करावं, सुट्टीत त्या सिस्टरांच्या घरी राहून पाहावं, मग जावं. इच्छा खरी असेल तर तीन वर्षांत आटणार नाही. जायच्या आधी संस्थेला तीन गोष्टी सरळ विचारा. प्रांत किती राज्यांत पसरला आहे? अनुदानित पदावरच्या सिस्टरची बदली करताना सेवेची वर्षं बघता का? आणि बाहेर पडलेल्या सिस्टरला आजवर काय दिलंत? तिसऱ्या प्रश्नावर कोणी रागावलं तर दुसरी संस्था शोधा. तिच्या वाट्याची शेती किंवा घर असेल तर पहिल्या व्रतांआधी त्याचा कारभार कोणाकडे द्यायचा ते तिला ठरवावं लागेल, आणि कायमच्या व्रतांआधी कोर्टात टिकेल असं मृत्युपत्र करावं लागेल. त्यात मामा-मावशीने घाई करू नये.

दोन गोष्टी राहिल्या. 1 नोव्हेंबर 2005 पासून पुढे नेमलेल्यांना वर सांगितलेली जुनी पेन्शन नाही, त्यामुळे 20 वर्षांचं ते गणित भाचीला तसंच्या तसं लागू होणार नाही. तिच्या नावाने प्रान क्रमांक (नव्या पेन्शन योजनेतला कायमचा खाते क्रमांक) निघेल आणि राज्य बदललं तरी तो तोच राहील. तो क्रमांक तिने स्वतःच्या वहीत लिहून ठेवावा, फक्त ऑफिसच्या फाईलमध्ये नको. आणि हे सगळं अनुदानित पदाचं. नागपुरातल्या बऱ्याच इंग्रजी माध्यमाच्या कॉन्व्हेंट शाळा विनाअनुदानित आहेत. तिथे सिस्टरचा पगार व्यवस्थापन ठरवतं, वेतन पथकाचा संबंध नाही, आणि तिथली नेमणूक घेताना नेमणूकपत्रावर रक्कम लिहून घ्यावी, ती पुढच्याच दिवशी कम्युनिटीच्या खात्यात जाणार असली तरी.