आधी वर जायला शीक

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. विमान शिकणाऱ्या तुमच्या बॅचमधली बाकीची सोलो झाली, म्हणजे एकट्याने उडून आली, तू अजून लँडिंगवरच अडकली आहेस, म्हणजे आपल्याला हे जमणार नाही, असा तू निकाल लावून टाकलास. चार पानांत 'सोलो किती तासांत व्हायला हवं' हे तीनदा विचारलंस, गो-अराउंडचा, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर जाऊन नव्याने फेरी घेण्याचा, उल्लेख मात्र एकदाही नाही. माझी चिडचिड झाली ती त्यावर.

तासांचं एकदाच सांगतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा खासगी वैमानिकासाठीचा किमान मापदंड 40 तासांचा आहे, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम असेल तर 35. त्यातले 10 तास एकट्याने, त्या दहातले 5 क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे एका विमानतळावरून दूरच्या दुसऱ्याकडे जाण्याचे, आणि एक उड्डाण किमान 270 किलोमीटरचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. पहिलं सोलो कितव्या तासाला, याचा आकडा त्यात कुठेही नाही. इन्स्ट्रक्टर खाली उतरून तुला एकटीला पाठवतो, तो तुझी चाकं मऊ टेकतात म्हणून नव्हे. बिघडलेलं लँडिंग तू आपणहून सोडून देशील, अशी त्याची खात्री पटावी लागते.

तू लिहितेस, विमान धावपट्टीवर तरंगत राहतं, बसतच नाही, मग तू नाक खाली दाबतेस आणि ते उसळतं. अगं, हे सगळं फायनलवरच, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत खाली येतानाच, ठरलेलं असतं. सेसना 172 सारख्या छोट्या विमानाला तिथे साधारण 65 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 120 किलोमीटर, वेग पुरतो. वेग 10 टक्के जास्त असला की जिरवायची ऊर्जा 21 टक्क्यांनी वाढते, आणि जमिनीलगत ग्राउंड इफेक्ट विमानाला आणखी उचलून धरतो. दाबून ती ऊर्जा जाणार कुठे? नाकाचं चाक आधी आपटतं, आणि दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी निघते. पहिल्याच उसळीला, खरं तर त्याच्याही आधी, वर जायचं.

आणि वर जाणं म्हणजे नुसता थ्रॉटल पुढे ढकलणं नाही. पूर्ण ताकद दिलीस की नाक डावीकडे पळतं, तिथे उजवा रडर हवा, म्हणजे उजव्या पायाचं पेडल दाबायचं. त्याच वेळी अ‍ॅप्रोचसाठी, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येण्यासाठी, लावलेल्या ट्रिममुळे, म्हणजे नाकाचा कल धरून ठेवणाऱ्या जुळणीमुळे, नाक झपकन वर उठतं. तसंच उठू दिलंस तर वेग पडेल आणि स्टॉल होईल, म्हणजे पंखांची उचल सुटेल, तोही सावरायला उंची नसताना. योक, म्हणजे हातातलं सुकाणू, घट्ट पुढे धर, हाताला जोर लागतो, लागू दे. वेग मिळाला की फ्लॅप, म्हणजे उतरण्यासाठी पंखांमागे खाली सोडलेल्या पट्ट्या, टप्प्याटप्प्याने वर घे. सगळे एकदम उचललेस तर विमान खाली बसतं. टॉवरला सांगणं सगळ्यात शेवटी. हे हातात मुरेपर्यंत तुझं लँडिंग सुधारणार नाही, कारण तोवर तू प्रत्येक अ‍ॅप्रोच कसाही करून टेकवायलाच बघणार.

मेडिकल तू पुढे ढकलते आहेस, ते मला पटलेलं नाही. क्लास 2 चं वैद्यकीय प्रमाणपत्र नसताना सोलो होत नाही; तारीख घे आणि मोकळी हो. पैशांचंही तसंच. माझं शिक्षण तुकड्यातुकड्यांत झालं, थोडे साठवायचे, थोडं उडायचं, की पुन्हा खंड. दर खेपेला आधीचं विसरलेलं पुन्हा शिकण्यातच तास जायचे. दुसरा मार्ग नव्हता, पण ते सलग झालं असतं तर, ही हळहळ अजून जात नाही. तू महिनाभर थांबलीस तरी चालेल, पण पुढच्या सगळ्या तासांची सोय करून मग आठवड्यातून दोन-तीनदा उड.

सारखा गो-अराउंड करतो म्हणून क्लबात मला 'फेरीवाला' म्हणायचे. म्हणू देत. एकदा एका मित्राला घेऊन गेलो होतो, आडवा वारा सारखा झटके देत होता. दोनदा फायनलवरून वर गेलो आणि सरळ दुसऱ्या विमानतळावर जाऊन उतरलो. त्याचा सगळा दिवस वाया गेला, तो पुन्हा माझ्याबरोबर आला नाही. मागून एक जण आरामात उतरला, हेही त्याने मला ऐकवलं. उतरला असेल. माझा अ‍ॅप्रोच बसत नव्हता, त्याचा बसला. आज तसाच वारा असेल तर मी तेच करीन, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागणार नाही.

पुढच्या धड्याला इन्स्ट्रक्टरला सांग, आज एकदाही टेकायचं नाही, नुसते गो-अराउंड. कधी उंचावरून, कधी अगदी फ्लेअरमधून, म्हणजे टेकण्याआधी नाक हलकं उचलतानाच, आणि 'वर' हा निर्णय तू घ्यायचा, त्याने नाही. कुरकुर करील. परीक्षेत हे करून दाखवावंच लागतं, तेवढं आठवण करून दे. मग मला लिही, नाक पहिल्यांदा वर उठलं तेव्हा हातांनी काय केलं ते. लँडिंग कसं झालं हे इतक्यात कळवू नकोस.