मॉरा मरे: त्या काही मिनिटांचं काय?

प्रश्न: मॉरा मरेच्या केसवर लागोपाठ व्हिडिओ बघितले आणि आता डोक्यातून जातच नाहीये. पोलीस इतक्या लवकर येऊनही मुलगी गायब होतेच कशी? सायलेन्सरमधे कोंबलेलं फडकं, खोटा ईमेल, हे बघता मला तर वाटतं तिने आधीच सगळं ठरवलेलं, आता कुठेतरी दुसऱ्या नावाने मजेत राहत असेल. तुम्हाला काय वाटतं?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, ज्यांना केस माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. मॉरा २१ वर्षांची, अमेरिकेत अ‍ॅमहर्स्टला मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीत नर्सिंग शिकत होती. ९ फेब्रुवारी २००४ ला तिने घरात कुणीतरी वारलंय असा मेल केला (कुणी वारलं नव्हतं), एटीएममधून २८० डॉलर काढले, थोडी दारू घेतली आणि काळी सॅटर्न गाडी काढून उत्तरेकडे निघाली, कुठे ते कुणालाच न सांगता. संध्याकाळी न्यू हॅम्पशायरमधे हेवरहिलजवळ रूट ११२ च्या वळणावर गाडी ठोकली. साधारण ७:२७ ला शेजारच्या घरातून पोलिसांना फोन गेला. तिथेच राहणारा एक स्कूल बसचा ड्रायव्हर थांबला, मदत हवी का विचारलं, तर ती म्हणाली टोइंगवाल्यांना फोन केलाय. तिथे मोबाइलला रेंजच नव्हती, म्हणून त्याने घरी जाऊन पोलिसांना कळवलं. ७:४६ च्या सुमारास पोलीस आले तेव्हा गाडी लॉक, एअरबॅग फुटलेल्या, आणि ती नाही.

आता ते फडकं. व्हिडिओवाले त्यावर अर्धा अर्धा तास घालवतात, पण तिचे वडील फ्रेड यांनी स्वतः सांगितलंय की गाडी धूर सोडायची, पोलिसांनी अडवू नये म्हणून फडकं लावायचा सल्ला त्यांचाच. झालं, रहस्य संपलं! मेलचंही तसंच, खोटं बोलून कॉलेजला दांडी मारणारी ती काही पहिली नव्हे, शिवाय आदल्याच दिवशी पहाटे तिने वडिलांची नवी गाडीही ठोकली होती, म्हणजे पोरगी टेन्शनमधे असणारच. ती कॉलेजातून का निघाली हे यातून थोडंफार कळतं, पण ड्रायव्हर वळल्यावर आणि पोलीस यायच्या आधी काय झालं याबद्दल यातून काडीचंही कळत नाही, आणि खरी केस तेवढ्याच मिनिटांची आहे. नंतर आणलेला कुत्रा रस्त्यावरच शंभरेक यार्डांवर वास हरवून बसला, म्हणून कुणाच्या तरी गाडीत बसली असावी असं बरेच जण मानतात. मलाही तेच जास्त पटतं, पण तो अंदाजच.

मजेत राहत असेल हे मात्र नाही पटत. त्यानंतर तिचा फोन, बँकेचं कार्ड, काहीच वापरलं गेलं नाही.

प्रश्न: वडिलांनाही पोलिसांनी फाईल दाखवली नाही म्हणे. असं चालतं तिथे?
(एक वाचक, सातारा)

उत्तर: चालतं, आणि आपल्याकडेही चालतं. तपास सुरू असेल आणि कागद दिल्याने त्यात अडथळा येणार असेल तर माहिती नाकारता येते, आपल्या माहिती अधिकार कायद्यातही कलम ८ मधे हे आहे. फ्रेड यांनी न्यू हॅम्पशायर राज्य पोलिसांविरुद्ध केस टाकली. २००६ मधे त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसतं 'तपास चालू आहे' म्हणून भागणार नाही, कागद दिल्याने तपासाचं नुकसान कसं होईल ते सरकारने नीट दाखवावं, आणि प्रकरण खालच्या कोर्टात परत पाठवलं. बापाने स्वतःच्या मुलीच्या कागदांसाठी वर्षानुवर्षं भांडायचं, चीड येते राव. पण पोलिसांची बाजूही अगदीच पोकळ नाही, कारण फक्त गुन्हेगारालाच माहीत असेल अशी एखादी गोष्ट बाहेर आली की कबुलीजबाब खरा की खोटा हे पारखता येत नाही, आणि या केसमधे हौशी डिटेक्टिव्ह आधीच ढिगाने आहेत, गावातल्या लोकांच्या दारात जाऊन उभे राहतात.

तपास बंद झालेला नाही. २००९ पासून केस राज्याच्या कोल्ड केस युनिटकडे (न सुटलेल्या जुन्या केसेस बघणारं पथक) आहे, २०१९ मधे जवळच्याच एका घराचं तळघर खणलं, काही निघालं नाही. २०२१ मधे न्यू हॅम्पशायरमधल्याच लून माउंटन डोंगरावर हाडांचे तुकडे सापडले, तेही तिचे नव्हते.