सायक्लोनखालचा डबा आत दबतोय, भुसाही फिल्टरमध्ये जातोय. कोल्हापुरात कुठला ड्रम घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे, २ एचपीचा डस्ट कलेक्टर (भुसा ओढून घेणारं मशीन) आहे आणि त्याच्या आधी सायक्लोन, म्हणजे हवेला भोवऱ्यासारखं फिरवून भुसा खालच्या डब्यात पाडणारा शंकू, बसवलाय. खाली कचऱ्याचा प्लास्टिकचा डबा ठेवला तर मशीन चालू होताच तो आत दबतो आणि भुसा फिल्टरच्या पिशवीत जायचा थांबत नाही. त्यावर तुम्ही विचारताय की याहून मोठा डबा घेऊ का.

मोठा घ्याच, पण लिटर बघायच्या आधी झाकण बघा. मीही लाकूडकामच करतो आणि आमच्याकडच्या बऱ्याच वर्कशॉपमध्ये हाच घोळ बघितलाय. सायक्लोन चांगला असतो, ब्लोअर चांगला असतो, आणि सगळ्याची माती करतं ते डब्याचं ढिलं झाकण. ब्लोअर सायक्लोनच्या पुढे असला की खालचा डबाही खेचीतच येतो. म्हणजे झाकणाच्या फटीतून हवा बाहेर जात नाही, बाहेरची आत घुसते. ही हवा शंकूच्या तोंडातून वर चढते आणि नुकता खाली पडलेला बारीक भुसा परत उचलून फिल्टरकडे नेते. फट नखाएवढी असली तरी पुरते. तुमची पिशवी भरतेय ती बहुतेक यामुळेच. सायक्लोन बदलायच्या फंदात पडू नका.

आधी तपासून घ्या. मशीन चालू करून पेटलेली उदबत्ती झाकणाच्या कडेने आणि शंकूच्या जोडावरून हळूहळू फिरवा. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे गळती आहे. त्याआधी डबा रिकामा करा आणि आजूबाजूचा भुसा झाडून घ्या, विस्तव हातात असणार आहे.

आता डबा दबण्याचं. २ एचपीच्या कलेक्टरची खेच पाइपवरची सगळी गेट बंद असताना साधारण २५० मिलिमीटर पाण्याच्या आसपास जाते (ही खेच पाण्याच्या उंचीत मोजतात). ऐकायला किरकोळ वाटतं. पण २०० लिटरच्या ड्रमचं तोंड ५७ सेंटिमीटरचं असतं, त्या झाकणावर ही खेच साठ-पासष्ट किलोचा भार टाकते. सपाट झाकण आणि चौकोनी डब्याच्या सपाट बाजू याच भाराला दबतात, गोल भिंत तग धरते. म्हणून डबा गोलच हवा. पत्र्याची चौकोनी पेटी करून घ्या असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. पातळ पत्र्याची धान्याची कोठी गोल असली तरी तिचा पत्रा आत-बाहेर टकटक करतो आणि झाकण नुसतं वर बसवलेलं असतं, तिचाही उपयोग नाही.

कलेक्टरऐवजी व्हॅक्यूम क्लीनरला छोटा सायक्लोन जोडणाऱ्यांचं गणित आणखी कडक आहे. त्याची खेच २००० मिलिमीटर पाण्याच्या घरात जाते, म्हणजे तुमच्या आठपट. रंगाच्या २० लिटरच्या बादलीच्या झाकणावर पाइप तुंबताक्षणी सव्वाशे किलोच्या आसपास भार येतो. अशा वेळी दोन बादल्या एकात एक घालाव्यात, आतून प्लायची रिंग बसवावी, किंवा ॲल्युमिनियमचा ४० लिटरचा दुधाचा कॅन घ्यावा. कोल्हापूर जिल्ह्यात दुधाचे जुने कॅन मिळायला अडचण नाही. भिंत जाड, अंग गोल, झाकणालाही रबर बसवता येतं. फक्त गळा निमुळता असल्याने लांब छिलके त्यात अडकून बसतात. सँडिंगच्या बारीक धुळीला कॅन उत्तम, रंध्याच्या मालाला नाही.

तुमच्यासाठी मी तीनच गोष्टींचा विचार करेन आणि तिन्ही ओपन टॉप, म्हणजे पूर्ण तोंड उघडणाऱ्या आणि झाकण आवळायला लिव्हरची क्लॅम्प रिंग असणाऱ्या. पहिला लोखंडी २०० लिटरचा ड्रम. मजबुतीत त्याला तोड नाही, अर्थिंग करता येतं आणि आत ठिणगी गेली तरी तो वितळत नाही. दुसरा निळा एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकचा ड्रम. हलका असतो, गंजत नाही, पण झाकण आतून १८ मिलिमीटर प्लायची चकती लावून टणक करावं लागतं. तिसरा फायबर ड्रम, जाड पुठ्ठ्याचा, लोखंडी रिंगचा, औषधांच्या कारखान्यांत पावडर ज्यात येते तो. खेचीला तो छान टिकतो, उचलायला सर्वांत हलका. पण आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये जी ओल असते तिच्यात त्याचा तळ मऊ पडतो, तेव्हा तो जमिनीपासून उचलून फळीवरच ठेवावा. मला स्वतःला लोखंडी ड्रमच पसंत आहे.

शिरोली, गोकुळ शिरगाव या एमआयडीसींच्या बाजूला आणि उद्यमनगरात जुन्या ड्रमची चौकशी करा. घेताना दोन गोष्टींवर अडून बसा. एक, आधी त्यात काय होतं ते विचारा आणि लेबल वाचा. रसायनाचा ड्रम नुसता धुतलाय म्हणून घेऊ नका, खायच्या मालाचा किंवा निदान ओळखीच्या मालाचा घ्या. दुसरी गोष्ट जिवाशी येणारी आहे. वर फक्त बूच असलेला बंद तेलाचा किंवा थिनरचा ड्रम स्वस्तात मिळतो म्हणून घ्यायचा आणि ग्राइंडरने किंवा गॅसने तोंड कापायचं, हे कधीही करू नका. रिकाम्या ड्रममध्ये उरलेली वाफ ठिणगीने स्फोट घडवते. दुकानदार ‘कापून देतो की’ म्हणाला तरी नको म्हणा. ओपन टॉपला चार पैसे जास्त द्या.

किती लिटर, हे तुमच्या थिकनेसरवर, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची रंधणाऱ्या मशीनवर ठरतं. २०० मिलिमीटर रुंद, २ मीटर लांब फळीवरून एका फेरीत १ मिलिमीटर काढला तर लाकूड निघतं ०.४ लिटर, पण छिलका सात-आठ पट फुगतो, म्हणजे जवळपास ३ लिटर. ड्रम दोन तृतीयांशाच्या वर भरू द्यायचा नाही, कारण माल शंकूजवळ आला की भोवरा त्याला परत वर नेतो. या हिशोबाने ६० लिटरचा डबा तेरा-चौदा फेऱ्यांत संपतो, २०० लिटरचा चाळीसेक फेऱ्या चालतो. थिकनेसर असेल तर २०० च्या खाली जाऊ नका. माल कुठवर आलाय ते दिसावं म्हणून झाकणात किंवा बाजूला ॲक्रिलिकची छोटी खिडकी बसवून घ्या. तिच्याविना भरलेला ड्रम कळतो तो पिशवी भरल्यावर.

झाकणावरचं काम फॅब्रिकेटरकडून नीट करून घ्या, सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्या. झाकणाच्या मधोमध शंकूच्या मापाची पत्र्याची कॉलर, खालून प्लायची चकती, जोडावर सिलिकॉन, आणि काठाला कडक रबर नको, मऊ पोकळ ईपीडीएम रबराची पट्टी लावा, जी रिंग आवळली की दबून बसते. शंकू आणि झाकण यांच्यामध्ये तारेच्या स्प्रिंगचा जाड लवचीक पाइप घ्या, वीतभर पुरे, दोन्हीकडे क्लिप. म्हणजे क्लिप सोडून झाकण उचललं की ड्रम सरळ बाहेर ओढता येतो. त्यासाठी तळाला चाकांची फळी हवीच, भरलेला ड्रम तीस-चाळीस किलोचा होतो आणि एमडीएफचा असेल तर त्याहून जड. शंकूचं तोंड जमिनीपासून किती उंच आहे ते ड्रम घ्यायच्या आधी मोजा. ड्रमची उंची ८८ सेंटिमीटरच्या आसपास, शिवाय चाकं आणि पाइप यांची उंची वेगळी. सायक्लोन वर न्यावा लागणार असेल तर शेडचा पत्रा आड येतो का, हेही आत्ताच बघा.

आत प्लास्टिकची पिशवी घालून काम सोपं करायचा मोह होईल. खेच ती पिशवी वर ओढून शंकूचं तोंड बंद करते. घालायचीच असेल तर ड्रमच्या बाजूला छोटं भोक पाडून तिथून बारीक नळी ब्लोअरच्या खेचीच्या पाइपला जोडा, म्हणजे पिशवीच्या बाहेरचाही दाब तेवढाच उतरतो आणि पिशवी भिंतीला चिकटून राहते.

याच लाइनवर लोखंडाचं ग्राइंडर कधीही चालवू नका. कोल्हापुरात लाकूडकाम आणि फॅब्रिकेशन एकाच शेडमध्ये असणं नवं नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. ठिणगी भुशात जाऊन तासन्‌तास धुमसत राहते आणि आग लागते ती वर्कशॉप बंद झाल्यावर. खिळे असलेलं जुनं लाकूड रंधून झालं असेल तर घरी जाण्यापूर्वी ड्रम शेडबाहेर रिकामा करा. पावसाळ्यात ओला भुसा आत साठवून ठेवू नका, शंकूत त्याचे थर धरतात. रिकामा करताना साधा रुमाल पुरत नाही, एन९५ मास्क लावा. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलंय, आणि ड्रम उलटा करताना बरीच धूळ थेट नाकासमोर उडते.

भुसा न्यायला लोक येतात, गोठ्यात आणि पोल्ट्रीत अंथरायला मागतात. साध्या लाकडाचा जरूर द्या. प्लाय आणि एमडीएफचा मात्र वेगळ्या ड्रममध्ये साठवा आणि जनावरांखाली घालायला देऊ नका, त्यात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. त्यामुळे शक्य असेल तर त्याच झाकणाला बसणारे एका मापाचे दोन ड्रम एकदमच घेऊन ठेवा.