वाचक विचारतात : ओम्नीतलं प्रेम, वडसा ते शेगाव

प्रश्न : आम्ही मित्रमंडळी पदरच्या पैशांतून एक हलकाफुलका प्रेमपट करतोय. तो आणि ती जुन्या ओम्नीतून वडशाहून शेगावला निघतात. निम्म्याहून जास्त बोलणं चालत्या गाडीतच आहे. एक कॅमेरा आणि दोन कॉलर माइक एवढंच सामान. चाचणी घेतली तर आवाज गिचमिड येतो, आणि चेहरे कधी काळे, कधी पांढरे. काय करावं? (वडसा)

उत्तर : ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटांच्या खालीच असतं. म्हणजे तुमचे दोन्ही कलाकार इंजिनावर बसून बोलतात. माइक कितीही भारी आणला तरी ती घरघर त्यात येणारच. शिवाय गाडीला पुढे बॉनेट नाही, त्यामुळे समोरून दोघं दिसतील असा कॅमेरा बांधायला जागा नाही. दोन्ही अडचणींवर एकच उपाय आहे : इंजिन बंद ठेवून गाडी ओढा.

पुढे एक पिकअप घ्या आणि ओम्नी तिला लोखंडी टो-बारने जोडा. दोर वापरू नका. पुढच्याने ब्रेक दाबला की दोर सैल पडतो आणि मागची गाडी पुढच्या गाडीवर आदळते. ओम्नी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि चावी ऑनवर, नाहीतर वळणावर स्टिअरिंग लॉक होईल. कॅमेरा पिकअपच्या हौद्यात पट्ट्यांनी आवळून बांधा. हौद्यात माणूस उभा करू नका, मॉनिटर केबिनमध्ये घ्या. दोन्ही कलाकारांना सीटबेल्ट लावा. काचेत आभाळ चमकतं, त्यासाठी लेन्सला पोलरायझर आणि डॅशबोर्डवर काळं कापड. रस्ता कमी वर्दळीचा निवडा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा.

वेग ताशी २० किलोमीटर पुरे. त्या वेगाने तीन मिनिटांच्या संवादाला एक किलोमीटर लागतो. सुरुवात आणि थांबणं धरून दोन किलोमीटर सरळ, बिनखड्ड्यांचा तुकडा शोधा.

आता उजेड. वडशाहून शेगाव पश्चिमेला आहे आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. पश्चिमेला जाताना दक्षिण डाव्या हाताला येते, म्हणजे डावीकडे बसलेल्या तिच्यावर ऊन आणि गाडी चालवणाऱ्या त्याच्यावर सावली. चेहरे काळे-पांढरे होण्याचं मुख्य कारण हेच. डाव्या काचेवर राखाडी एनडी फिल्म (रंग न बदलता उजेड कमी करणारी पारदर्शक पट्टी) लावा आणि उजवीकडे त्याच्या बाजूला, चौकटीबाहेर, पांढरा थर्माकोल धरा. परतीच्या फेरीत चित्रीकरण करू नका. ऊन दुसऱ्या बाजूला जातं आणि संकलनात दोन तुकडे जुळत नाहीत.

झाडांकडेही लक्ष द्या. रस्त्यालगत झाडं असली की २० चा वेगही ५० सारखा वाटतो, म्हणून ती हवीतच. पण ती फक्त उजवीकडे, उत्तरेला असावीत. डावीकडच्या बाभळी-कडुनिंबांची सावली चेहऱ्यांवरून सपासप पळते आणि मग कुठेच कट मारता येत नाही. असा एकतर्फी झाडांचा तुकडा सापडला तर गाडीतले सगळे प्रसंग तिथेच उरका. प्रेक्षक चेहरे पाहतो, मैलाचे दगड नाही.

आवाजासाठी काचा वर करा. जॅक, पाना, मागची सरकती दारं, जे जे खडखडतं ते चिंध्यांनी दाबा. प्रत्येक प्रसंगानंतर त्याच गाडीत एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. मग गाडी उभी असताना तेच संवाद त्याच तंद्रीत पुन्हा बोलून घ्या. एवढ्या दहा मिनिटांमुळे पुढचा डबिंगचा बराच खर्च वाचतो. विनोदात तर श्वासाचा, अडखळण्याचा आवाजही हवा असतो, आणि तो स्टुडिओत परत मिळत नाही.

बाहेरून जाणारी गाडी टिपताना कॅमेरा नेहमी रस्त्याच्या दक्षिणेला ठेवा. ऊन पाठीशी राहतं आणि गाडी पडद्यावर उजवीकडून डावीकडे जाते, नकाशात जाते तशीच. मध्येच बाजू बदलली तर ते दोघं माघारी फिरल्यासारखे दिसतील.

प्रश्न : प्रवासाच्याच एका पटकथेवर काम करतोय. माझी जोडी गोंदियाहून लोणारला निघते. मध्यंतरानंतर गाडी चालते, पण गोष्ट थांबते. पंक्चर, पाऊस, चोर, सगळं घालून झालं. (वर्धा)

उत्तर : पंक्चर, पाऊस आणि चोर तिघंही बाहेरून येतात. त्याने प्रवास लांबतो, नातं हलत नाही. आधी एक साधा हिशेब करा. हा रस्ता एका दिवसाचा आहे, हे आपल्याकडच्या प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक आहे. मग वाटेत दोन रात्री का लागतात? आणि निम्म्याहून जास्त वाटेपर्यंत रेल्वे असताना गाडी कशाला? याचं उत्तर पहिल्या दहा मिनिटांत द्या. टपावर असं काहीतरी हवं जे रेल्वेत नेता येत नाही आणि ठरल्या वेळेला पोचलंच पाहिजे.

प्रत्येक थांब्यावर एकाला दुसऱ्याबद्दल असं काही कळू द्या, जे त्याने मुद्दाम दडवलं होतं. तसं काही घडत नसेल तर तो ढाबा कापा, कितीही सुंदर दिसत असला तरी. मध्यंतरानंतर स्टिअरिंग तिच्या हाती द्या. पश्चिमेला जाताना डावीकडचं ऊन मग त्याच्यावर येईल, आणि कोण उघडं पडलंय ते न बोलता दिसेल.

प्रश्न : झाडीपट्टीचे, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचे, नट सिनेमात घ्यायचे आहेत. डिसेंबरात जमेल का? (ब्रह्मपुरी)

उत्तर : अवघड आहे. दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत त्यांचा हंगाम. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, त्यामुळे सकाळी सातला बोलावलं तर डोळे सुजलेले दिसतील. मोठ्या भूमिका असतील तर पाऊस ओसरल्यावर, दिवाळीआधी काम उरका. तेव्हा धान हिरवं किंवा पिकायला आलेलं असतं, तेही चांगलं दिसतं. हंगामातच घ्यायचे तर कंपनीशी दिवस आधी ठरवा, दुपारी दोननंतर बोलवा आणि रात्रीच्या प्रयोगाला वेळेवर सोडा. मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची त्यांना सवय असते. प्रसंग गाडीतला असेल तर तालीम त्याच गाडीत, काचा वर करून घ्या. आवाज आपोआप खाली येतो. संवाद झाडी बोलीत की वऱ्हाडीत, हे पात्राच्या गावावरून ठरवा. दर वाक्याला ‘बे’ जोडल्याने कोणी अमरावतीचं होत नाही.

प्रश्न : एका प्रसंगात बैलगाडी रस्ता अडवते. गावातलीच जोडी आहे, मालक तयार आहे. आणखी काही लागतं का? (दारव्हा)

उत्तर : लागतं. चित्रपटात प्राण्यांकडून काम करून घ्यायचं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी घ्यावी लागते. नुसती मालकाची संमती चालत नाही. प्रसंगात बैल नेमकं काय करणार हे अर्जात लिहायचं आणि पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला जोडायचा. चित्रीकरण झाल्यावर मंडळाचं ना-हरकत प्रमाणपत्र मिळवायचं. सेन्सॉरकडे सिनेमा नेला की ते मागतात. ते नसेल तर प्रसंग कापायची वेळ येते. बैलगाडीवर पुढची गोष्ट अवलंबून असेल तर हा अर्ज पटकथा पक्की होताच टाका.

जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर युनिट उतरवायचं असेल तर त्या विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे वेगळा अर्ज करावा लागतो. नागभीड-ब्रह्मपुरी पट्ट्यात वाघांचा वावर आहे; परवानगी हातात असली तरी अंधार पडायच्या आत तिथून सामान आवरा.