पावसाळ्यात दिव्याखाली येणारा नारिंगी-काळा, मुंगीसारखा किडा कोणता? तो चावतो का?

हा पेडेरस नावाचा भुंगेरा. चावत नाही, नांगीही मारत नाही.

लांबी साधारण 7 ते 10 मिलिमीटर. डोके काळे, मान आणि पोट नारिंगी, पोटाचे टोक पुन्हा काळे. मधला निळसर चमकदार पट्टा म्हणजे त्याचे आखूड कठीण पंख. उडायचे पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. त्यामुळे पोट उघडे राहते आणि तो मुंगीच वाटतो. डिवचला की विंचवासारखी शेपटी वर करतो.

त्रास होतो तो किडा अंगावर चिरडल्याने. त्याच्या रक्तात पेडेरिन हे दाहक द्रव्य असते. गंमत म्हणजे ते किडा स्वतः बनवत नाही, मादीच्या शरीरात राहणारे जिवाणू बनवतात. आग, लाली लगेच नाही, दुसऱ्या दिवशी दिसते. मग फोड येतात. म्हणून अंगावर बसला तर मारू नका, फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन सोडा. चिरडलाच तर साबण-पाण्याने लगेच धुवा, तो हात डोळ्याला लावू नका. डोळ्याला लागला तर डॉक्टर गाठा.

शेतात मात्र तो आपला माणूस. ओलसर बांधावर, भातखाचरात राहतो. तुडतुडे, मावा, लहान अळ्या फस्त करतो. अंडी ओल्या मातीत घालतो, त्याच्या अळ्याही शिकारीच. सरसकट कीटकनाशक फवारले की आधी असेच मित्रकीटक मरतात. घरात येऊ नये म्हणून रात्री दिवे कमी ठेवा, खिडक्यांना बारीक जाळी लावा.